घटक ६ : आरोग्यसेवा आणि आरोग्यविमा – शब्द, व्यवस्था आणि दोन वनजिल्हे

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘आरोग्यसेवा’ आणि ‘आरोग्यविमा’ या दोन संज्ञांमागील भिन्न व्यवस्था स्पष्ट करता येतील.
• भारतात व महाराष्ट्रात आरोग्यविम्याचा विस्तार कसा झाला, हे सांगता येईल.
• चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात विमाव्यवस्थेची उपयुक्तता आणि मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• विम्याच्या कागदपत्रांतील मराठीची वैशिष्ट्ये ओळखता येतील व अशा मजकुराचे अर्थग्रहण करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, २०२३ सालच्या पावसाळ्यात महाराष्ट्र शासनाने आरोग्यासंबंधी दोन निर्णय घेतले. २८ जुलैच्या शासन निर्णयानुसार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू करण्याचे आणि त्याची मर्यादा प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचे ठरले. त्यानंतर १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या दुसऱ्या निर्णयात नव्हती.

रोजच्या बोलण्यात या दोन्ही निर्णयांना आपण ‘मोफत उपचार’ असे एकच नाव देतो. वस्तुतः त्यांची जात वेगळी आहे. पहिल्या निर्णयात शासन विमा कंपनीला हप्ता देते आणि रुग्णाचे बिल कंपनी रुग्णालयाला चुकते करते. दुसऱ्या निर्णयात शासन स्वतःच्या रुग्णालयाच्या दारातील शुल्क काढून टाकते. पहिला ‘विमा’ आहे, दुसरी ‘सेवा’ आहे. एकाच शब्दाने दोन वस्तूंचा निर्देश होऊ लागला की नागरिकाला आपण नेमके काय मागतो आहोत, हे कळेनासे होते. हे दोन शब्द वेगळे करून पाहणे, हा या घटकाचा विषय आहे.

त्यासाठी आपण चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे समोर ठेवणार आहोत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकच होते. आज एकीकडे कोळसा, वीज आणि सिमेंट यांचे उद्योग आहेत. दुसरीकडे बहुतांश भूभाग वनाच्छादित आहे. शहरात सहज चालणारी व्यवस्था अरण्यात कुठे अडते, हे या दोन जिल्ह्यांत स्पष्ट दिसते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ शब्दांची घडण

विम्याच्या व्यवहारातील मराठी शब्दांची कुळे पाहिली, तर त्यांच्यामागचे व्यवहारही उलगडतात.

‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’पासून आला. मुळात तो व्यापाऱ्याचा शब्द आहे. माल एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बुडेल किंवा लुटला जाईल, ही धास्ती पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या अंगावर टाकणे म्हणजे विमा. ‘हप्ता’ हाही फारसीच. मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. फारसी ‘हफ्त’ आणि संस्कृत ‘सप्त’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आठवड्याचा अर्थ मागे पडून ‘ठरावीक काळाने द्यावयाची रक्कम’ हा अर्थ मराठीत रूढ झाला. ‘दावा’ हा अरबी शब्द न्यायालयातून आलेला आहे. आपण दावा ‘करतो’, ‘मांडतो’, ‘दाखल करतो’. तो ‘मंजूर’ अथवा ‘नामंजूर’ होतो. दावा म्हटला की समोर प्रतिपक्ष असतोच.

आता दुसरे कुळ पाहा. ‘सेवा’, ‘शुश्रूषा’, ‘उपचार’ हे संस्कृत शब्द आहेत. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. या शब्दांत दोन माणसे एकमेकांजवळ असतात. अरबी-फारसी घडणीचा ‘दवाखाना’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. औषध जिथे मिळते ते घर, इतका त्याचा साधा अर्थ आहे.

सेवेच्या व्यवस्थेत आजारी माणूस ‘रुग्ण’ असतो. विम्याच्या व्यवस्थेत तोच माणूस ‘विमाधारक’, ‘लाभार्थी’ आणि वेळप्रसंगी ‘दावेदार’ होतो. व्यवहार पूर्वी वैद्य आणि रुग्ण या दोघांत होता. त्यात आता विमा कंपनी, तिच्या वतीने कागदपत्रे तपासणारी त्रयस्थ प्रशासक कंपनी (जिला सर्वत्र ‘टीपीए’ म्हणतात) आणि योजना राबवणारी शासकीय सोसायटी असे पक्ष येतात. उपचार करावा की नाही, याचा वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु त्याचा खर्च दिला जाईल की नाही, हा निर्णय रुग्णाला कधीही न भेटलेली माणसे कागद वाचून घेतात.

यात मुळातच काही गैर आहे, असे नव्हे. पुष्कळांनी थोडे थोडे देऊन एखाद्यावर कोसळलेले संकट वाटून घ्यावे, ही विम्यामागील कल्पना सहकाराच्या जवळची आहे. प्रश्न उद्भवतो तो तिची अंमलबजावणी कोणत्या भूमीवर आणि कोणाच्या सोयीने होते, यातून.

६.२.२ विमा भारतात कसा वाढला?

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तिचे मूलतत्त्व होते. त्यासाठी शासनाने स्वतः प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सेवेची उतरंड उभारावी, असे तिने सुचवले. १९४८ साली ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तीही याच विचाराची. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे याच परंपरेतून आली. मैदानी भागात ५००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३०००० आणि २०००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे निकष आहेत.

विमा या काळात मर्यादित होता. १९४८ च्या कायद्याने कारखान्यांतील कामगारांसाठी राज्य विमा योजना आली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि शंभराहून अधिक कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार सार्वजनिक कंपन्या राहिल्या. याच कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ पॉलिसी बाजारात आणली. ती प्रामुख्याने शहरी नोकरदार वर्गापुरती राहिली.

वळण आले ते आर्थिक उदारीकरणानंतर. मल्होत्रा समितीने १९९४ साली विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले करण्याची शिफारस केली. १९९९ साली विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा झाला, २००० पासून खाजगी कंपन्या आल्या आणि २००१ साली त्रयस्थ प्रशासकांचे नियम झाले. परकीय गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्के करण्यात आली.

येथून शासनाच्या धोरणाची भाषाही बदलू लागली. आधीच्या दशकांत ‘नवे आरोग्य केंद्र उघडले’ ही प्रगतीची खूण होती. आता ‘इतक्या कुटुंबांना संरक्षण दिले’ हे वाक्य तिच्या जागी आले. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०००० रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत होते आणि विमा कंपन्या, सार्वजनिक तशाच खाजगीही, निविदा भरून जिल्हे घेत. त्याआधी २००७ साली शेजारच्या तत्कालीन आंध्र प्रदेशात ‘आरोग्यश्री’ ही मोठ्या शस्त्रक्रियांची योजना आली होती. महाराष्ट्राची पुढील योजना तिच्याशी पुष्कळ मिळतीजुळती आहे.

६.२.३ गडचिरोलीत आलेली योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली : मुंबई, मुंबई उपनगर, रायगड, धुळे, नांदेड, सोलापूर, अमरावती आणि गडचिरोली. पुष्कळ रुग्णालये असलेले महानगर आणि रुग्णालयांची कायम वानवा असलेला वनजिल्हा एकाच दिवशी, एकाच नियमावलीखाली आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर विस्तारली, तेव्हा चंद्रपूरचाही समावेश झाला.

पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना ९७२ उपचारांसाठी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. नॅशनल इन्शुरन्स या सार्वजनिक कंपनीला शासन प्रत्येक कुटुंबामागे ३३३ रुपयांचा वार्षिक हप्ता देत असे. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली व १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही योजना एकत्रित राबवल्या जाऊ लागल्या. या वेळी युनायटेड इंडिया ही दुसरी सार्वजनिक कंपनी आली. दीड लाखापर्यंतचा खर्च ‘विमा तत्त्वावर’ कंपनीने आणि त्यावरील खर्च ‘हमी तत्त्वावर’ शासनाच्या सोसायटीने द्यावा, अशी विभागणी झाली. या सोसायटीचे नाव ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ असे आहे. ‘विमा’ आणि ‘हमी’ हे समानार्थी शब्द नव्हेत, हे शासनाच्या कागदांतही नोंदलेले आहे.

कोणी विचारेल, कंपनी सार्वजनिक असताना खाजगी प्रभावाचा प्रश्न कुठे येतो? तो तीन मार्गांनी येतो.

पहिला मार्ग कामाच्या पद्धतीचा. दाव्यांची छाननी त्रयस्थ प्रशासक कंपन्यांकडे जाते आणि त्या खाजगी असतात. पूर्वमंजुरी, उपचारांची ठरावीक दराची ‘पॅकेजे’, त्रुटी काढून दावा परत पाठवणे, ही सारी रीत खाजगी विमा बाजारात घडलेली आहे. सार्वजनिक योजनेने ती जशीच्या तशी उचलली.

दुसरा मार्ग रुग्णालयांचा. योजनेत उपचार ‘अंगीकृत’ रुग्णालयातच मिळतात. त्यासाठी खाटांची संख्या, अतिदक्षता कक्ष, तज्ज्ञ डॉक्टर अशा अटी असतात. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी त्या योग्यच आहेत. परंतु अशा अटी पुऱ्या करणारी खाजगी रुग्णालये शहरांतच एकवटतात. त्यामुळे गडचिरोलीच्या नावाने भरलेल्या हप्त्यातून उपचारांचा पैसा पुष्कळदा नागपूरसारख्या शहरातील रुग्णालयाकडे जातो.

तिसरा मार्ग हिशेबाचा. कंपनीला हप्ता कुटुंबांच्या संख्येवर मिळतो. तिचा खर्च मात्र दाव्यांच्या संख्येवर ठरतो. ज्या भागातून दावे कमी येतात, तो भाग कंपनीच्या वहीत ‘कमी जोखमीचा’ दिसतो. दावे कमी येण्याचे कारण लोक निरोगी आहेत हे असेल, किंवा रुग्णालयापर्यंत पोहोचता आले नाही हेही असेल. वही दोन्हींत फरक करत नाही. उरलेल्या हप्त्याचा काही भाग शासनाला परत करण्याची तरतूद अशा करारांत असते. पण परत आलेला पैसा त्या भागात दवाखाना बांधण्यासाठी बांधलेला नसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ‘हप्ता’ या शब्दाच्या अर्थात कोणता बदल झाला?
आ) २०१२ साली योजनेच्या पहिल्या टप्प्यात या घटकातील कोणता जिल्हा होता?
इ) दावे कमी येण्याची कोणती दोन कारणे असू शकतात?

६.२.४ आरोग्यदूत आणि आरोग्यमित्र

सेवा आणि विमा यांतील अंतर समजण्यासाठी गडचिरोलीत वापरात असलेले दोन शब्द शेजारी ठेवू.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेद्वारे काम सुरू केले. धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथील त्यांच्या रुग्णालयाला ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ असे नाव आहे. दंतेश्वरी ही येथील आदिवासींची देवी. इमारतीही गावातील घरांसारख्या बैठ्या बांधल्या गेल्या. भव्य इमारतीला बुजणारा माणूस ओळखीच्या घरात शिरावा, हा त्यामागील विचार. ‘रुग्णालय’ हा जड शब्द टाळून ‘दवाखाना’ ठेवणे हाही त्याच विचाराचा भाग म्हणता येईल.

संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि ‘आरोग्यदूत’ हे नाव रूढ झाले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे, ही कामे त्या घरी जाऊन करत. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगात नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचे धोरण देशाने स्वीकारले.

‘आरोग्यमित्र’ हा शब्द विमा योजनेतून आला. अंगीकृत रुग्णालयाच्या दर्शनी भागात त्याचे टेबल असते. शिधापत्रिका व ओळखपत्र तपासणे, रुग्णाची नोंदणी करणे, पूर्वमंजुरीची विनंती संगणकावरून पाठवणे ही त्याची कामे. तो नसेल तर खेड्यातून आलेला माणूस मोठ्या रुग्णालयात हरवून जाईल. म्हणून त्याचे महत्त्व कमी लेखू नये.

परंतु शब्दांतील दिशा पाहा. ‘दूत’ निघतो आणि तुमच्या दारात येतो. ‘मित्र’ रुग्णालयात बसलेला असतो. तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते.

समजा, भामरागड तालुक्यातील एका गावात दोन घरी संकट आले. एका घरी आठ दिवसांचे बाळ दूध ओढेनासे झाले. दुसऱ्या घरी मध्यमवयीन पुरुषाच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचे निदान झाले. दुसऱ्या घराला विमा योजना वरदान ठरू शकते. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च ते कुटुंब जमीन विकूनही उभा करू शकले नसते. पहिल्या घराला विम्याचा उपयोग मर्यादित आहे. त्या बाळाच्या हाताशी काही तास आहेत. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तेथून नागपूर जवळजवळ तितकेच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आपण वाचल्या आहेत. त्या बाळाला हवी आहे गावातील प्रशिक्षित स्त्री, तिच्या पिशवीतील औषध आणि पोहोचता येईल असे आरोग्य केंद्र. पाच लाखांच्या कार्डाने यांतील काहीही निर्माण होत नाही. कार्ड असलेल्या सेवेचे बिल भरते. नसलेली सेवा उभी करत नाही.

हिवताप, न्यूमोनिया, सर्पदंश, बाळंतपणातील रक्तस्राव, सिकलसेल हे या पट्ट्यातील आजार बहुधा जवळच्या आणि तत्काळ उपचाराची मागणी करतात. विमा योजना मुख्यतः आंतररुग्ण उपचारांच्या, म्हणजे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या आहेत. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे यांवरील खर्च त्यांत बहुतांशी येत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१–२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट दिलासा देणारी आहे. तरीही खिशातील जो खर्च उरतो, त्याचा मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण उपचारांवर होतो.

हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेला लोक बिरादरी प्रकल्प हेही याच संदर्भातले उदाहरण आहे. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. रुग्णाच्या भाषेत विचारपूस करता येणे हा उपचाराचाच भाग होता. विम्याच्या कोणत्याही पॅकेजमध्ये या कामाला दर नाही.

६.२.५ चंद्रपूर : एका जिल्ह्यात अनेक व्यवस्था

चंद्रपूर जिल्ह्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. कोळसा खाणीतील कायम कामगाराला कंपनीची वैद्यकीय सुविधा असते. राज्य विमा योजनेच्या कक्षेतील कारखाना कामगाराला तिचा दवाखाना असतो. शिक्षक वा व्यापारी खाजगी कंपनीची पॉलिसी घेतो. जिवती वा सिंदेवाहीकडील शेतमजुराजवळ शासकीय योजनेचे कार्ड असते. चौघांना एकच आजार झाला, तरी चौघांचे रस्ते वेगळे आहेत आणि कागदही वेगळे आहेत.

याचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. ज्यांच्या शब्दाला समाजात वजन असते, तो वर्ग स्वतःच्या पॉलिसीवर खाजगी रुग्णालयात जाऊ लागला की शासकीय रुग्णालयातील गैरसोयींबद्दल बोलणारे कमी होतात. विम्याचा सर्वांत खोल प्रभाव हाच असावा : तो सार्वजनिक गरजेचे खाजगी खरेदीत रूपांतर करतो.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे आरोग्यव्यवस्था दीर्घकाळ खाजगी विम्यावर उभी राहिली. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी मांडलेल्या सुधारणेविरुद्ध विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर जाहिरातींची मोहीम चालवली. ती सुधारणा मंजूर झाली नाही. २०१० च्या कायद्याने आधीपासूनच्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारण्यास बंदी आणली, पण कंपन्या व्यवस्थेच्या मध्यभागीच राहिल्या. एकदा व्यवस्था विम्याभोवती बांधली गेली की सुधारणाही विम्याच्या भाषेतच मागावी लागते.

६.२.६ विम्याची मराठी

आता भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष उपयोगी असा भाग पाहू. विम्याच्या मराठी कागदपत्रांत पुढील वैशिष्ट्ये आढळतात.

(१) कर्त्याचा लोप : ‘आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे’ या वाक्यात नामंजूर करणारा कोण, हे कुठेच येत नाही. क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता अदृश्य आहे. असे वाक्य समोर आले की वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : कोणी नाकारला? कोणत्या अटीनुसार? फेरविचारासाठी कोणाकडे जायचे?

(२) अटींची साखळी : ‘…अधीन राहून’, ‘…असल्यास’, ‘…वगळता’ अशा पदबंधांनी एकेक वाक्य पाच-सहा ओळींचे होते. मुख्य विधान आधी शोधावे आणि अटी एकेक करून वेगळ्या लिहाव्यात.

(३) सामान्य शब्दांचे विशेष अर्थ : ‘प्रतीक्षा कालावधी’ म्हणजे रुग्णालयातील वाट पाहणे नव्हे. पॉलिसी घेतल्यानंतर विशिष्ट आजारांचा खर्च जितका काळ मिळत नाही, तो हा कालावधी. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ४८ महिने असे. १ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा ३६ महिने झाली. शासकीय योजनेत असा कालावधी नाही. सिकलसेलसारख्या जन्मजात आजारांच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा आहे. आनुवंशिक आजार सरसकट वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाविरोधी ठरवली.

(४) नावांचे लिप्यंतर : आडनाव शिधापत्रिकेवर ‘आत्राम’ आणि आधारपत्रावर ‘अत्राम’, किंवा रोमन लिपीत एकदा ‘व्ही’ वापरून आणि एकदा ‘डब्ल्यू’ वापरून लिहिलेले ‘मडावी’, अशी तफावत सहज घडते. माडिया, गोंडी वा तेलुगू भाषकाचे नाव मराठी लिपिकाने ऐकून लिहिले की उच्चारभेदाने ती वाढते. बोलणाऱ्याला नाव एकच. संगणकाला माणसे दोन. ही अडचण आजार होण्यापूर्वीच दूर करून ठेवावी लागते.

(५) इंग्रजी शब्दांचा आश्रय : ‘कॅशलेस’, ‘क्लेम’, ‘पॅकेज’, ‘टॉप-अप’ हे शब्द देवनागरीत लिहिले म्हणून सुबोध होत नाहीत. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत सोप्या भाषेतील माहितीपत्रक देणे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत पुरवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. मराठी माहितीपत्रक मागणे हा आपला हक्क आहे.

खाजगी पॉलिसीबाबत कंपनीकडे तक्रार करूनही समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे वकिलाची गरज नसते आणि शुल्कही नसते. शासकीय योजनेसाठी आरोग्यमित्र व जिल्हास्तरीय तक्रार निवारणाची यंत्रणा आहे. तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी आणि नकाराचे कारण लेखी मागावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) ‘प्रतीक्षा कालावधी’ या संज्ञेचा विम्यातील अर्थ सांगा.
आ) ‘दावा नामंजूर करण्यात येत आहे’ या वाक्यात काय लोपले आहे?
इ) ‘आरोग्यदूत’ व ‘आरोग्यमित्र’ यांच्या कार्यस्थळांत कोणता फरक आहे?

६.३ सारांश

सेवा आणि विमा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पण त्या एकमेकींची जागाही घेऊ शकत नाहीत. कधीतरी येणाऱ्या मोठ्या खर्चाच्या आघातापासून विमा कुटुंबाला वाचवतो. रोजच्या, जवळच्या आणि तातडीच्या आजारांसाठी गावात पोहोचलेली सेवाच लागते. १९९४ नंतर विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले होत गेले आणि त्यांची कार्यपद्धती, त्यांची भाषा व त्यांचा हिशेब सार्वजनिक योजनांतही आला. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट दिसते, कारण तेथे पैशाइतकेच अंतरही उपचाराच्या आड येते. त्याच जिल्ह्याने आरोग्यदूताच्या रूपाने सेवेचा एक पर्यायही देशाला दिला.

म्हणून ‘आम्हांला कार्ड मिळाले का?’ या प्रश्नासोबत ‘आमच्या उपकेंद्रात परिचारिका आहे का? औषध आहे का? पावसाळ्यात रस्ता आहे का?’ हेही प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तरी पुढल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची राहतातच.

६.४ पारिभाषिक शब्द

अंगीकृत रुग्णालय : योजनेशी करार करून तिच्या लाभार्थ्यांवर उपचार करणारे रुग्णालय.
पूर्वमंजुरी : उपचारापूर्वी खर्चासाठी घ्यावयाची मान्यता.
त्रयस्थ प्रशासक : विमा कंपनीच्या वतीने दाव्यांची छाननी करणारी संस्था.
विमा तत्त्व : हप्ता घेऊन कंपनीने खर्चाची जोखीम पत्करणे.
हमी तत्त्व : शासनाने वा त्याच्या सोसायटीने खर्च थेट चुकता करणे.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) आठवडा या अर्थाचा शब्द ठरावीक काळाने द्यावयाच्या रकमेसाठी रूढ झाला. आ) गडचिरोली. इ) लोक निरोगी असणे, किंवा त्यांना रुग्णालयापर्यंत पोहोचता न येणे.
प्रश्न २ : अ) पॉलिसी घेतल्यानंतर विशिष्ट आजारांचा खर्च जितका काळ मिळत नाही तो काळ. आ) कर्ता. इ) आरोग्यदूत घरी येऊन काम करतो, आरोग्यमित्र रुग्णालयात बसून काम करतो.

६.६ स्वाध्याय

१) ‘कार्ड असलेल्या सेवेचे बिल भरते, नसलेली सेवा उभी करत नाही.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) सार्वजनिक विमा योजनेवर खाजगी व्यवस्थेचा प्रभाव कोणत्या तीन मार्गांनी पडतो, ते लिहा.
३) टिपा लिहा : अ) विम्याच्या मराठीतील कर्त्याचा लोप आ) हमी तत्त्व आणि विमा तत्त्व.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील वा शेजारच्या एखाद्या विमा पॉलिसीचे किंवा योजनेच्या माहितीपत्रकाचे एक पान मिळवा. त्यातील सर्वांत लांब वाक्य निवडून त्याचे मुख्य विधान व अटी वेगळ्या करा आणि तेच वाक्य आपल्या गावातील शाळा न शिकलेल्या व्यक्तीला कळेल अशा मराठीत लिहा. लिहिलेले त्या व्यक्तीला वाचून दाखवा. जिथे तिला अर्थ लागला नाही, तिथे पुन्हा लिहा. दोन्ही मसुदे आपल्या वहीत जोडून संपर्कसत्राला आणा.